पाणी पाजलेला खांडा

बी-३०४ दादा: रविवारी क्लबहाउसात लेकरं डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायलेत, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्यातल्या जादूच्या तलवारीचं चित्र टाकलंय. पातं ११० सेंमी लांब, ८ रुंद, जाडी ६ मिमी. कशी वाटते सांगा.

ए-१०२ वर्कशॉपवाले मामा: बेटा, हिशेब केलास का? पोलाद घनसेंमीला ७.८५ ग्रॅम. नुसतं पातंच ४ किलोच्या वर चाललंय. दुसऱ्या घावाला मनगट उतरंल.

बी-३०४ दादा: खरंय मामा. खेळाच्या पुस्तकात लाँगस्वोर्ड, म्हणजे लांब सरळ तलवार, ३ पौंडाची आहे, म्हणजे साधारण १३६० ग्रॅम.

मामा: मग ८५ लांब, ४ रुंद, ५ मिमी घे. टोकाकडं पातळ करत ने, मधून पन्हळ काढ. लोक म्हणतात पन्हळ रक्त वाहायला असते. तसं नाही, वजन कमी होतं अन् ताठपणा राहतो.

सी-२०१ बाई: मूठ बाहेरच्या चित्रातली कशाला? खांडा घे. सरळ पातं, टोकाशी रुंद, आणि मुठीच्या मागं निघालेली दांडी. दुसरा हात तिथं बसतो.

बी-३०४ दादा: बाई, हे नियमात तंतोतंत बसतंय! लाँगस्वोर्ड एका हातानं धरली तर घावाला आठ बाजूंचा फासा, दोन्ही हातांनी दहा बाजूंचा. का, ते आता दांडी दाखवून सांगता येईल.

अनूची आई: अनूला मूठ बिदरी पाहिजे. आजीच्या पानदानासारखी, काळ्यावर चांदी.

मामा: बिदरीत जस्त जास्त, घावाला तडकंल. मूठ लोखंडाचीच. बारीक चरे पाडून त्यात चांदीची तार ठोकायची. काळं-पांढरं तसंच दिसतं.

अनूची आई: अन् जादू?

बी-३०४ दादा: आधी आग लिहिली होती, काढून टाकली. आगीची तलवार सगळ्यांचीच असते. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात, त्याला आपण पाणी पाजतो म्हणतो ना, तेच धरलं. पात्यात ३ ओंजळी पाणी. पुस्तकातल्या अशा ताकदी बहुतेक पहाटे आपोआप भरतात, हिची भरणार नाही. बारवेच्या पायऱ्या उतरून पातं बुडवायचं. बारव कोरडी असली तर तलवार रिकामी.

बाई: २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा माझी बहीण तिथंच होती. दोन घागरींवर दिवस काढायची. लेकरांना ती शेवटची ओंजळ पाजताही येऊ दे. वार करायचा का पडलेल्या सोबत्याच्या तोंडात घालायची, त्यांनाच ठरवू दे.

बी-३०४ दादा: लिहून घेतलं बाई. पाजली की सोबती उठतो.

मामा: लेकरांच्या हातात द्यायच्या तलवारीला पुठ्ठा आणू नको. माझ्याकडं प्लायची पट्टी पडलीय. शनिवारी सहाला ये, कडा गोल करून देतो.