बदनामीचा खटला कुठल्या गावी चालावा?

धागा

कर्नाटकातील कोलार येथे एप्रिल २०१९ मध्ये झालेल्या प्रचारसभेतील एका वाक्यावरून राहुल गांधी यांच्यावर गुजरातमधील सुरत येथे फौजदारी बदनामीचा खटला चालला आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. त्या निकालाचे गुणदोष बाजूला ठेवून मी इतकेच विचारतो, की सभा कोलारची असताना न्यायालय सुरतेचे का?

फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९७ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७७) गुन्हा जिथे घडला तिथल्याच न्यायालयात सर्वसाधारणपणे खटला चालतो. मात्र कृती आणि तिचा परिणाम या दोन्हींमुळे एखादी गोष्ट गुन्हा ठरत असेल, तर परिणाम घडला त्या ठिकाणीही तो चालवता येतो, असे कलम १९९ सांगते, आणि ‘माझी अब्रू माझ्या गावी गेली’ असे म्हणणारे फिर्यादी याच कलमाचा आधार घेतात. मला तो आधार मान्य नाही. बदनामीच्या व्याख्येत लौकिकाला बाधा आणण्याचा हेतू किंवा तशी जाणीव पुरेशी आहे. बाधा प्रत्यक्षात झालीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. जो परिणाम गुन्ह्याचा घटकच नाही, त्यावरून अधिकारक्षेत्र कसे ठरणार? पत्रे किंवा इलेक्ट्रॉनिक संदेश यांद्वारे झालेल्या फसवणुकीसाठी कलम २०२ मध्ये स्वतंत्र सोय आहे, बदनामीसाठी नाही.

प्रतिसाद १

आपण परिणामावर अडून राहिलात, पण मुद्दा प्रसिद्धीचा आहे. मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचल्याशिवाय बदनामी पूर्णच होत नाही. म्हणून मुंबईत छापलेला अंक कणकवलीत विकला आणि वाचला गेला, तर गुन्ह्याचा काही भाग कणकवलीतच घडतो आणि तिथे खटला चालवण्यास कलम १९८ पुरेसे आहे. एखाद्या अंगणवाडी सेविकेबद्दल खोटे छापले गेले, तर तिला ओळखणारी माणसे तिच्याच तालुक्यात असतात. तिने मुंबईला खेटे घालावेत, असे म्हणणे म्हणजे तिला न्याय नाकारणेच होय. शिवाय सुरतेतील दोषसिद्धीला ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती अधिकारक्षेत्रावर दिलेली नव्हती. कमाल शिक्षेची कारणे दिलेली नाहीत, हा तिचा मुख्य आधार होता.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

कणकवलीत विकल्या गेलेल्या अंकाबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो. पण संकेतस्थळावरचा मजकूर देशातल्या प्रत्येक तालुक्यात उघडतो, आणि फिर्यादीने स्वतः तो उघडून पाहणे म्हणजे तिथे प्रसिद्धी झाली असे मानले, तर कुठलेच न्यायालय परके राहणार नाही. अभिनेत्री खुशबू यांच्यावर एका मुलाखतीवरून २३ तक्रारी झाल्या, त्यांतील बहुतेक तमिळनाडूत वेगवेगळ्या ठिकाणी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या, जरी वेगळ्या कारणांनी, पण तोवर जी पाच वर्षे गेली ती कोण भरून देणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ मधील उदाहरण पाहा: दिल्लीत राहणाऱ्याने कोलकात्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला, तर दावा कोलकात्यात किंवा दिल्लीत करता येतो. फिर्यादी कुठे राहतो, याचा तिथे उल्लेखही नाही.

प्रतिसाद ३

दोघांनीही चौकशीचे कलम बाजूला ठेवले आहे. आरोपी न्यायालयाच्या क्षेत्राबाहेर राहत असेल, तर समन्स काढण्यापूर्वी चौकशी केलीच पाहिजे, असे जुन्या संहितेच्या कलम २०२ मध्ये (नव्या संहितेत २२५) २००६ पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते. पुण्यात राहणाऱ्या आरोपीविरुद्ध कोल्हापुरात दाखल झालेल्या बदनामीच्या फिर्यादीत, म्हणजे अभिजित पवार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही चौकशी बंधनकारक मानली. नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार तर न्यायालयाने फिर्यादीची दखल घेण्यापूर्वीच आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. अधिकारक्षेत्राचा आक्षेप तिथेच घ्यावा.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चे लेखक)

ही चौकशी पुष्कळदा फिर्यादीच्या जबाबापुरतीच उरते, हे तालुका न्यायालयात वकिली करताना मी पाहिले आहे आणि ते मला खुपते. म्हणून धागाकर्त्यांशी मी एवढ्यापुरता सहमत आहे, की मजकूर त्या क्षेत्रात स्वतःहून वाचलेला एक तरी साक्षीदार, जो फिर्यादीचा नातेवाईक किंवा पक्षकार्यकर्ता नाही, दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर तपासावा. अंगणवाडी सेविकेला असा साक्षीदार तिच्या गावात सहज मिळेल.