हौशी ग्रुपमध्ये मोलकरीण कायम माझ्याच वाट्याला का?

तालुक्याच्या नाट्यग्रुपमध्ये सहा वर्षं आहे. राज्य नाट्य स्पर्धेत तीनदा उतरलो, तिन्ही वेळा मी मोलकरीण. यंदा वकिलीणबाईंचा प्रवेश वाचला, तर दिग्दर्शक म्हणाले, "आधी न-ण सुधार." आदिवासी मुलीसाठी मात्र गोरी मुलगी घेतली आणि कोपरापर्यंत काळा रंग फासला. विंगेत तो माझ्या ओढणीला लागला, अजून निघाला नाही. वस्तीतल्या आम्हा तिघींना हे फार लागलंय. ग्रुप सोडायचा नाहीये. काय मागावं?

उत्तर १: ताई, पहिलं म्हणजे प्रत्येक भूमिका सगळ्यांना वाचायला मिळायला हवी. आम्ही चिठ्ठ्या टाकून प्रवेश वाटतो, निवड तिघं मिळून करतात. आणि न-ण चं म्हणाल तर आमच्या कोर्टातले निम्मे वकील वऱ्हाडीच बोलतात! रंग फासणं तर बंदच करायला लावा.

उत्तर २: तालमीची वेळही बघा. रात्री नऊला सुरू केली की शेवटची एस्टी चुकते, मग लांबच्या वस्तीतली पोरं आपोआप गळतात. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं ते शूद्र शेतकरी जोडप्यावर. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. म्हणून हे भांडण जुनं आहे, लाजू नका.

मूळ प्रश्नकर्ती: दादा, एस्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यातली एक त्यामुळेच गळली. रविवारी बैठक आहे, तिलाही घेऊन जाते. वकिलीणबाईंचा प्रवेश पाठ आहे माझा.