विषय: आबांना लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम दाखवायचंय

नमस्कार मंडळी,
सध्या लातूरला आलोय, जूनमधे परत निघताना आई-आबांना सोबत आणतोय. पोरांनी आबांच्या डोक्यात आतापासूनच डायनोसोर भरलेत. पण आबांचे गुडघे दुखतात आणि तिथली गर्दी आपल्याला माहितीच आहे. शेतकरी माणूस, हाडांपेक्षा दगड-माती बघायला जास्त थांबतील. भूकंपाचं दालन दाखवावं का तेवढं कळंना. किल्लारीत आमच्या आत्याचं घर गेलं तेव्हा ढिगारे उपसायला आबा होते, त्यावर ते कधी बोलत नाहीत. कुणी आपल्या म्हाताऱ्या माणसांना नेलं असेल तर सांगा.

———

भाऊ, औशाहून लिहायलेय, लंडन सोडलं तरी मंडळाची मेल अजून रोज वाचते.

म्युझियम फुकट आहे, पण वेळेचा स्लॉट ऑनलाइन घेऊन ठेवा. क्रॉमवेल रोडच्या मोठ्या दाराऐवजी एक्झिबिशन रोडच्या दारानं जा, तिथं सरकता जिना पृथ्वीच्या भल्यामोठ्या गोळ्यातून वर ज्वालामुखी-भूकंपाकडं जातो, आबांच्या गुडघ्यांना बरं. निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा मोठ्या हॉलमधे टांगलाय, तो बाकावर बसूनही दिसतो.

आता भूकंपाचं. १७ जानेवारी १९९५ ला जपानात कोबेला भूकंप झाला, तिथल्या एका दुकानासारखी खोली केलीय आणि तिची जमीन हलवतात. पोरं हसत हसत परत परत आत जातात. आईला मी दाराशीच विचारलं, इथं जमीन हलते, यायचं का? नको म्हणाली. मग बाहेर बसूनच तिला कोबेची गोष्ट सांगितली, की तिकडं जुन्या लाकडी घरांवर जड कौलं होती आणि पहाटे माणसं झोपेत असताना तीच अंगावर आली. आई लगेच म्हणाली, मग आपलं माळवद काय वेगळं होतं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर मातीचा अजून एक थर. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती विसर्जनानंतरची. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, कोबेचा ६.९ चा, म्हणजे आपल्या भूकंपाची ऊर्जा त्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाची, तरी माणसं आपली जास्त गेली. हे त्या हलत्या खोलीत कळत नाही, तिथं नुसतं हलणं कळतं, डोक्यावरचं ओझं नाही. म्हणून दालन सोडू नका. आबांना आधी सांगा, आत जायचं का नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि बोलावं वाटलं तर पोरांना त्यांच्याजवळ बसवा. आमच्या पोरांनी आजीकडून जे ऐकलं ते कुठल्याच फलकावर नाही.

आणि खनिजांचं दालन चुकवू नका, जुनी लाकडी कपाटं आहेत, शांत असतं. आपला काळा पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासच्या लाव्ह्याचा, वेरूळचं कैलास त्यातच कोरलंय, आणि डायनोसोर संपले ते त्याच सुमाराला, हे पोरांना आबांसमोरच सांगा. विहीर फोडताना पाषाणाच्या पोकळीत पांढरे चमकणारे खडे निघतात ना, ते झिओलाइट, जगभरचे संग्राहक आपल्या दख्खनचे खडे मागतात. आबांनी ते नक्की हातात धरले असतील.

———

ताई, तुमची मेल आबांना वाचून दाखवली. खड्यांचं ऐकून कोनाड्यातला एक काढून आणला, पोरांना दिला. खोलीत जायचं का ते तिथं गेल्यावर बघू म्हणालेत. पण त्यांनी एक विचारलंय आणि मला सांगता आलं नाही: आपल्याकडं ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, कोबेवाल्यांनी घरं त्याच जागेवर बांधली का, आणि छपरं कशाची केली? जपानात राहिलेलं कुणी यादीवर असेल तर सविस्तर लिहा, आबा वाट बघायलेत.