मदत हवी आहे: मराठी आणि कन्नड ग्राहकांना जाणारी जाहिरातीची ईमेल पाच जणांनी मिळून कशी घडवावी?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या शहापूर भागात साड्यांच्या एका पेढीत काम करते. शहापूर, वडगाव आणि खासबाग या भागांत मागाचा धंदा जुना आहे. तिथल्या विणकरांकडून घेतलेला माल आम्ही दुकानातून विकतो आणि कुरियरने बाहेरगावीही पाठवतो. अलीकडे कोल्हापूर, सांगली, गोवा या बाजूंचे ग्राहक वाढले, तसे गोकाक, धारवाड, हुबळीकडचेही वाढले, म्हणून महिन्यातून दोनदा सर्वांना ईमेल पाठवायची असे ठरले. आमच्याकडे सुमारे २,६०० पत्ते आहेत. त्यांपैकी १,७०० जणांनी मराठीतून आणि ९०० जणांनी कन्नडमधून पत्र मागितले आहे. पत्ता लिहून घेतानाच आम्ही भाषा विचारतो. ही एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून नीट केली.

या कामात पाच जण आहेत. मराठी मजकूर मी लिहिते. कन्नड मजकूर आमच्या सहकारी अक्का लिहितात, त्या मूळच्या गोकाकच्या. मांडणी खडेबाजारातले डीटीपी करणारे एक दादा करतात. ते पेढीत नोकरीला नाहीत, पण आमची लग्नसराईची पत्रके अनेक वर्षे त्यांच्याच हातून झाली आहेत. मालकांचा पुतण्या ईमेल पाठवण्याचे सॉफ्टवेअर सांभाळतो, आणि शेवटची मान्यता मालकांची असते. पाचही जण मनापासून काम करतात, तरीही पत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता असे काही झिजते, की शेवटी ते कोणाचेच राहत नाही.

दसऱ्याच्या पत्राचे उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात सगळ्याच अडचणी एकत्र आल्या. मी पहिला मसुदा एकाच साडीबद्दल लिहिला होता: तिचा काठ कसा आहे, पदरावर काय आहे, ती विणणाऱ्या घरात किती वर्षे माग चालतो. मालकांना तो आवडला, पण सणाचे पत्र आहे तर आणखी नऊ साड्या घालाव्यात, असे ते म्हणाले. पुतण्याने सगळ्यात वर सवलतीचा मोठा आकडा आणला. माझ्या तीन वाक्यांची दोघांनी दोन वेगळ्या प्रकारे दुरुस्ती केली आणि दोन्ही दुरुस्त्या एकाच परिच्छेदात शिल्लक राहिल्या. तोवर अक्कांनी तिसऱ्या प्रतीवरून कन्नड मजकूर तयार केला होता. पाचव्या प्रतीत एका साडीचा दर ३५० रुपयांनी वाढला आणि तो फक्त मराठीत बदलला गेला. कन्नड पत्र जुन्या दराने गेले, आणि १२ जणींनी त्याच दराने मागणी नोंदवली. मालकांनी दिलेला शब्द पाळून त्याच दराने साड्या पाठवल्या, एका शब्दानेही कोणाला बोलले नाहीत. पण अक्का दोन दिवस गप्प होत्या, आणि चूक त्यांची नव्हती हे मला ठाऊक होते.

भाषेचा प्रश्न दरापुरता नाही. मी 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' असे लिहून आपट्याच्या पानांचा उल्लेख केला होता आणि कन्नड मजकुरात तो तसाच उतरला. अक्का नंतर म्हणाल्या, की त्यांच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पाने देतात. त्यांच्या आईने हे पत्र वाचले असते तर ते परक्या गावाहून आले आहे असे तिला वाटले असते. मग मसुद्याच्या वेळी हे का सांगितले नाही, असे मी विचारले. त्यांचे उत्तर होते, "तुम्ही भाषांतर करायला दिलं होतं, पत्र लिहायला नाही." हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

मांडणीची अडचण निराळी आहे. दादा मराठी मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतात आणि अक्का नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. छापील पत्रकाला ते चालते. ईमेलमध्ये चिकटवले की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची रांग उमटते. त्यावर तोडगा म्हणून दादा अख्ख्या पत्राचे एकच चित्र करून देतात. ते दिसते सुंदर, पण ज्यांच्या ईमेलमध्ये चित्रे आपोआप उघडत नाहीत त्यांना पांढरा चौकोन दिसतो, आणि छोट्या फोनवर दर वाचण्यासाठी चित्र बोटांनी मोठे करावे लागते.

आम्ही तीन उपाय करून पाहिले. पहिल्यांदा सर्वांनी एकाच गुगल डॉक्समध्ये लिहिले, तेव्हा वर सांगितलेली वाक्यांची ओढाताण झाली. मग व्हॉट्सॲपवर गट केला, पण सूचना इतर निरोपांत हरवल्या आणि 'ठीक आहे' हा अंगठा नेमका कोणत्या प्रतीला दिला ते कळेना. शेवटी दुकान बंद झाल्यावर एकत्र बसलो. तिथे मालक बोलले की बाकीचे थांबतात, आणि सर्वांत धाकटा पुतण्या तर बोलतच नाही. शिवाय एकदा विषयाच्या दोन ओळी निम्म्या-निम्म्या मराठी यादीला पाठवून पाहिल्या. ८५० पैकी २६ जणांनी पहिल्या पत्रातील दुव्यावर टिचकी मारली आणि ८५० पैकी ३३ जणांनी दुसऱ्या. दुसरी ओळ पुतण्याची होती, त्यामुळे यापुढे विषयाची ओळ त्यानेच लिहावी असे ठरत आले आहे. हे योग्य आहे का, याची मला शंका आहे.

गुढीपाडव्याचे पत्र आता हाती घ्यायचे आहे, आणि त्याच दिवशी कन्नड घरांत उगादी असते. म्हणून विचारते. सर्वांचे मत घ्यावे पण पत्राला एकच आवाज राहावा, यासाठी कामाचा क्रम कसा लावावा? मराठी आणि कन्नड पत्रे एकमेकांची भाषांतरे असावीत की स्वतंत्र लिहावीत? आणि मालकांच्या मान्यतेचा मान राखून शेवटच्या क्षणीचे बदल कसे थांबवावेत? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मी शेती अवजारांच्या एका विक्री विभागात हेच काम काही वर्षे केले आहे, म्हणून अनुभवाचे तेवढे लिहितो.

लेखणी एकाच्या हाती असावी. बाकीच्यांनी वाक्य बदलू नये, आपल्याला काय खटकले ते सांगावे. 'हा शब्द काढा' ही सूचना झाली नाही. 'ही साडी घरी धुता येते का, ते मला वाचून कळले नाही' ही सूचना झाली. पहिल्या प्रकारात लिहिणारा दुखावतो आणि पत्र सुधारेलच असे नसते. दुसऱ्या प्रकारात उणीव हाती लागते आणि ती कशी भरायची हे लिहिणाऱ्याच्या हाती राहते. गुगल डॉक्समध्ये इतरांना फक्त टिप्पणी करण्याची परवानगी देता येते. तेवढे एक केले तरी ओढाताण बरीच थांबते. टिप्पण्यांना एक दिवस द्यावा आणि त्या लेखी मागवाव्यात. म्हणजे पुतण्यालाही मालकांच्या आधी बोलता येईल.

मालकांना शेवटी न आणता सर्वांत आधी आणावे. मसुदा लिहिण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात: पत्र कोणासाठी आहे, कोणत्या साडीबद्दल आहे, वाचणाऱ्याने काय करावे असे वाटते, आणि दर व मुदत काय. खाली त्यांची सही घ्यावी. आमच्याकडे साहेबांना सहीचा कागद नकोसा वाटेल असे मला वाटले होते, पण उलट झाले. आपले म्हणणे पहिल्याच दिवशी ऐकले गेले म्हणून ते निवांत झाले आणि शेवटच्या दिवशी नऊ गोष्टी घालायचे बंद झाले. दर याच कागदावर राहतील आणि दोन्ही भाषांतील लेखिका ते तिथूनच उचलतील, एकमेकींच्या मसुद्यातून नाही. दर बदलला तर आधी कागदावर बदलायचा. तुमच्या दसऱ्याच्या चुकीचे मूळ इथे आहे, अक्कांकडे नाही.

विषयाच्या ओळीबद्दल घाई करू नका. २६ आणि ३३ यांत ७ चा फरक आहे. अशा लहान आकड्यांसाठी एक साधा ठोकताळा आहे: दोन्ही आकड्यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढावे आणि फरक त्याच्या दुप्पट तरी असावा. ५९ चे वर्गमूळ सुमारे ७.७ येते, म्हणजे फरक १५ च्या पुढे असता तर त्यात काही अर्थ होता. तुमचा निकाल नुसत्या योगायोगानेही आला असेल. पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावरही विसंबू नये, कारण सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की वाचकाने पत्र उघडले नसले तरी त्यातील चित्रे आधीच आणली जातात, आणि पत्र उघडले गेल्याची नोंद होते. टिचक्या आणि आलेल्या मागण्या मोजाव्यात.

चित्राचे पत्र मात्र आजच थांबवा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर अक्षरे ओळखली जातात त्या सामाईक पद्धतीत असावा आणि चित्रे फक्त साड्यांची असावीत. प्रत्येक चित्राला पर्यायी ओळ द्यावी, म्हणजे चित्र उघडले नाही तरी साडी कोणती ते कळेल. दादांचे श्रीलिपीतले काम युनिकोडमध्ये रूपांतरित करता येते, पण त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. बाहेरून आणलेला सुंदर फॉन्ट जीमेलमध्ये बहुधा लागत नाही. विंडोज ८ पासून असलेला निर्मला यूआय हा फॉन्ट देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या दाखवतो, अँड्रॉइडवर नोटो असतो, तेवढ्यावर भागवावे. पत्राचा एचटीएमएल मजकूर (मांडणीच्या खुणांसकट) सुमारे १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापते. युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काही सॉफ्टवेअर त्याऐवजी आकड्यांची सांकेतिक चिन्हे घालतात, ज्यांना ७ बाइट लागतात. दहा साड्यांचे पत्र याच कारणाने कापले जाऊ शकते, हे मालकांना दाखवा. एका साडीच्या बाजूने तो चांगला पुरावा होईल.

प्रतिसाद, खानापूरहून

मी दोन्ही भाषांत लिहिते, म्हणून फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. अक्कांनी जे म्हटले ते शब्दशः खरे आहे. त्यांना तुमचा मसुदा देऊ नका; मालकांच्या सहीचा तोच कागद द्या आणि पत्र लिहायला सांगा. पाडव्याला मराठी पत्रात गुढी येईल. कन्नड पत्रात बेवु-बेल्ल आधी येईल. कडुनिंब आणि गूळ दोन्ही घरांत असतो, तरी वाक्य निराळे होईल आणि ते तसेच व्हावे. मग दोघींनी आपापले पत्र एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवावे. तुम्हाला कन्नड कळत असेल, अक्कांना मराठी कळतेच. आपल्या भागात याला दुभाषा लागत नाही. वाचताना जीभ अडखळली की ते वाक्य सुधारायचे. यातून तुमच्या पत्रालाही अक्कांकडून काही मिळेल.

मांडणी करणाऱ्या दादांना एक सांगा: कन्नडमधील ओत्ताक्षरे, म्हणजे जोडाक्षरातील खाली लिहायची अक्षरे, ओळीच्या खाली उतरतात आणि मराठीत वेलांट्या वर चढतात, उकार खाली येतात. इंग्रजी नमुन्यातील ओळींचे अंतर तसेच ठेवले तर अक्षरे एकमेकांना खेटतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडे अधिक अंतर ठेवावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सहीचा कागद काल मालकांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, 'कोणत्या साडीबद्दल' या रकान्यात आधी तीन नावे लिहिली, मग दोन खोडली. दर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. वर्गमूळाचा हिशेब पुतण्याला दाखवला तेव्हा तो नाराज होईल अशी मला भीती होती, पण पुढच्या सहा पत्रांच्या टिचक्यांची वही आपण ठेवू, असे तो स्वतःहून म्हणाला. दादांना युनिकोडमध्ये काम करणे अजून जड वाटते. म्हणून रूपांतर ते करतील आणि जोडाक्षरे मी तपासेन, असे ठरले आहे.

अक्कांना मी मसुदा दिला नाही, फक्त कागद दिला. आज दुपारी त्यांनी उगादीचे पत्र वाचून दाखवले. त्याची सुरुवात त्यांच्या आईच्या एका जुन्या साडीपासून होते, ती साडी शहापूरचीच आहे, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. मराठी पत्र मी आता नव्याने लिहायला घेतले आहे; झाले की दोन्ही पत्रांच्या विषयाच्या ओळी इथे देईन, त्या लहान फोनवर कुठे तुटतात ते कृपया पाहून सांगावे.