घरच्या सोयाबीन बियाण्याला स्टार द्यायचे कुणी?

मांजराकाठ (लातूर): औशाकडची काही पोरं ॲप बनवायलीत. घरचं बियाणं शेतकऱ्यानं शेतकऱ्याला थेट विकायचं. मधे दुकानदार नाही, सगळ्यांची नोंद ठेवणारा एक सर्व्हर (मधला कॉम्प्युटर) नाही. माझं म्हणणं, प्रत्येकाची एकच पत सगळ्यांना दिसावी. स्टॅनफर्डच्या लोकांनी २००३ मध्ये आयगनट्रस्ट ही पत मोजायची पद्धत मांडली ती अशीच: ज्याची पत मोठी, त्याच्या मताला वजन जास्त.

उदगीरकर: म्हणजे पुढाऱ्याची सोय! वीस सिमकार्डं घेईल अन् स्वतःलाच स्टार देईल. संशोधक डाउसर यांनी २००२ मध्येच हा खोट्या ओळखींचा ‘सिबिल हल्ला’ मांडलाय (बँकेचं सिबिल वेगळं). ओळख तपासणारं कुणी नसलं की एकाचे वीस व्हायला वेळ लागत नाही.

मांजराकाठ: आयगनट्रस्टमध्ये आधीच मोजके भरवशाचे लोक ठरवतात, पत तिथून पुढं जाते. खोट्यांनी आपसात कितीही वाहवा केली तरी बाहेरून कुणी मानल्याशिवाय फारसा उपयोग नाही.

उदगीरकर: ते मोजके कोण ठरवणार? सोसायटीचा चेअरमन? मग मधला माणूस गेला कुठं? त्यापेक्षा लोक एकमेकांना थेट फाइली देतात त्या बिटटोरंटसारखं करा. तू देतोस तोवर मी देतो, ज्याचा त्याचा अनुभव.

मांजराकाठ: तिथं एकाच फाइलचे शेकडो तुकडे फिरतात, लबाडी लगेच कळते. शिवाय प्रत्येक तुकडा हॅशवर (म्हणजे त्याच्या आकडी ठशावर) ताडून बघता येतो. बियाण्याचा सौदा वर्षातून एकदा, तोही मृगाच्या तोंडावर. अनुभव येईस्तोवर हंगाम गेला की!

परभणीची ताई: अहो, पैसे देतानाच स्टार मागता, तिथंच चुकतंय. आम्ही १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ७० उगवले तरच बियाणं धरतो. घेणाऱ्यानं तो आकडा लिहावा, स्टार नको.

उदगीरकर: अन् त्यानं मुद्दाम ४० लिहिलं तर? सोयाबीनचं टरफल नाजूक. दाणा मळणीत फुटला का पोती आपटून, कसं कळणार?

परभणीची ताई: सौद्याच्या वेळीच दोघांसमोर नमुन्याची पिशवी शिवून सह्या करा. वांधा झाला तर तीच तपासायची. आमच्याकडं सरकारी बीज प्रयोगशाळा आहे.

मांजराकाठ: म्हणजे शेवटी मधे कुणीतरी आलंच.

परभणीची ताई: भांडणापुरतं येऊ द्या की. रोजच्या सौद्यात नको.

जालनेकर: माझ्यासारख्या नवख्याचं काय? पत शून्य, घेणार कोण?

परभणीची ताई: पहिल्या साली दोनच पिशव्या विकायची मुभा.

उदगीरकर: फसवून पुढच्या साली नंबर बदलून आला तर?

परभणीची ताई: परत दोनच.