वाचनालय सोमवारी 'बंद आहे' की 'बंद असते'?

बर्डीकर:
वस्तीतल्या वाचनालयाची पाटी रंगवायला द्यायची आहे. सुटी दर सोमवारी. 'सोमवारी बंद आहे', 'बंद असते', 'बंद राहील' यांतलं काय लिहायचं? आणि स्मरणिकेत जुन्या ग्रंथपालांबद्दल 'ते रोज वर्तमानपत्रे लावायचे' असं आलंय, ते 'लावत असत' करावं का?

खिळेजुळारी:
'बंद असते'. 'आहे' समोरची स्थिती सांगतं, 'असते' नेहमीची. कळमन्याच्या बाजारात ढिगाकडे बोट दाखवून 'ही संत्री गोड आहेत' म्हणतो. 'मृग बहराची संत्री गोड असतात' म्हणायला ढीग समोर लागत नाही. 'सोमवारी बंद आहे' वाचून माणूस येत्या सोमवारापुरतंच धरेल आणि पुढच्या सोमवारी कुलपापुढे उभा राहील. 'बंद राहील' एका दिवसाच्या सूचनेला: '१५ ऑगस्टला बंद राहील'.

स्मरणिकेतलं 'लावायचे' बरोबर आहे, उगाच बदलू नका. 'लावत असत' लेखी थाटाचं, 'लावीत' त्याहून जुनं, 'लावायचे' बोलण्यातलं. तिन्ही रीतिभूतकाळच, म्हणजे भूतकाळातली सवय सांगणारी रूपं. फक्त एका परिच्छेदात तिन्हींची खिचडी नको.

गोची दुसरीकडे होते. हेच 'लावायचे' कर्त्याचा प्रत्यय बदलला की अर्थ बदलतं:
'ते वर्तमानपत्रे लावायचे' – सवय. क्रियापद कर्त्याप्रमाणे.
'त्यांना वर्तमानपत्रे लावायची होती' – काम बाकी, किंवा मनात होतं. इथे क्रियापद कर्माप्रमाणे.
'त्यांनी वर्तमानपत्रे लावायची' – नेमून दिलेलं काम.
मुद्रितात 'ते रोज वर्तमानपत्रे लावायची' असं सापडतं ते या तिघांच्या सरमिसळीतून. कर्ता बिनप्रत्ययाचा असेल तर क्रियापद त्याच्याच मागे जाणार: ती चहा करायची, पण तिला चहा करायचा होता.

फुटाळा_सकाळ:
आपल्या नागपुरी 'येऊन राहिला'ला सवय समजू नका बरं. 'तो रोज फुटाळा तलावावर येऊन राहिला' म्हणजे हल्ली येतोय, उद्या बंदही करेल. पक्की सवय सांगायची तर इथेही साधं 'तो रोज येते'. आणि 'येत जाजो' म्हटलं की नेहमी येण्याचं आमंत्रण.

बर्डीकर:
पाटीच्या खाली नियमही आहेत. एकाने 'पुस्तकात खुणा करत नसतात' असं सुचवलंय. शिवाय 'वर्गणी वेळेवर भरत राहा' की 'भरत जा'?

खिळेजुळारी:
'करत नसतात' ही नकारी रीत. लोक करत नाहीत म्हणजे तूही करू नये, असा त्यातला दम. घरात पोराला सांगायला झकास, पाटीवर मात्र ओरडल्यासारखं वाटतं. 'खुणा करू नयेत' लिहा.

'जा' आणि 'राहा' वेगळे. 'करत जा' म्हणजे वेळ आली की दर खेपेला कर. 'करत राहा' म्हणजे थांबू नकोस. तापात 'पाणी पीत राहा', पण 'गोळी जेवणानंतर घेत जा'. वर्गणी महिन्यातून एकदाच भरायची, तेव्हा 'भरत जा'. 'भरत राहा' वाचून सभासद दचकेल. छापायचं असेल तर त्याहून सरळ: 'वर्गणी दरमहा १० तारखेपर्यंत भरावी'. 'दरमहा' आलं की वेगळं 'जा' लागत नाही.