स्वमग्न भावाचे वजन वाढत चालले आहे: दाखवावे कोणाला आणि घरी काय करावे?

इंदिरानगरची ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 28 वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलतो मोजकेच, दुखले-खुपले तर सांगत नाही. स्वतःच्या कपाळावर मारून घेणे कमी व्हावे म्हणून त्याला रिस्पेरिडोन हे मानसोपचारातले औषध सुरू केले आणि त्याचा उपयोगही झाला, मात्र तेव्हापासून त्याचे वजन 71 किलोवरून 96 किलोवर गेले आहे. उंची 167 सेंटिमीटर. जेवणात मऊ भात, साधे वरण, उकडलेला बटाटा आणि एकाच बेकरीची खारी. पालेभाजीचा तुकडा जरी पानात दिसला तरी तो ताटावरून उठतो. विशेष शाळा संपल्यापासून दिवस घरातच जातो. डॉक्टरांनी मागच्या भेटीत ‘खाणे कमी करा, चालवा’ एवढेच सांगितले आणि नातेवाईक सगळा दोष आईच्या माथी मारून मोकळे होतात. हल्ली तो रात्री मोठ्याने घोरतो, दुपारी बसल्या जागी झोपतो आणि सकाळी फार चिडलेला असतो. हा स्वमग्नतेचाच भाग समजावा का?

पंचवटीतील फिजिशियन
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सर्वांत तातडीचा आहे. घोरणे, दिवसा पेंग आणि सकाळची चिडचिड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, आहे का हे पाहावेच लागते. स्वमग्न व्यक्तीच्या वागण्यातला प्रत्येक बदल स्वमग्नतेच्या खात्यात टाकून दिल्यामुळे बद्धकोष्ठता, दातदुखी, आम्लपित्त असे साधे आजारही कितीतरी दिवस कोणाच्या लक्षात येत नाहीत.

भावाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 34 च्या पुढे जातो. भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे पोटाची चरबी आणि मधुमेह कमी वजनातही गाठतात. पुरुषांच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा. कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेतील 1,507 स्वमग्न प्रौढांच्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील चरबीचे दोष हे सर्व स्वमग्न प्रौढांत अधिक आढळले. तेव्हा उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), यकृताच्या तपासण्या, थायरॉइड आणि रक्तदाब एवढे आधी करून घ्या.

रिस्पेरिडोनने भूक वाढते, हे सर्वज्ञात आहे. त्यात आईचा काही दोष नाही. मात्र ते स्वतःहून बंद करू नका. डोस कमी करणे, औषध बदलणे किंवा जोडीला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध देणे, हे पर्याय मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा. अशी औषधे घेणाऱ्या स्वमग्न मुलांवर मेटफॉर्मिनची चाचणी झाली होती (निष्कर्ष 2016 चे) आणि त्यांचा बीएमआय खाली आला होता. ती मुले 6 ते 17 वर्षांची होती, त्यामुळे तुमच्या भावाबाबतचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

सिडकोतील बाबा
एवढ्या तपासण्यांपेक्षा खारी आणणेच बंद करावे, असे मला वाटते. डबा कुलपात ठेवावा. चार दिवस रडेल, मग सवय होईल.

सातपूर, वय 34
काका, मी स्वतः स्वमग्न असून एका कारखान्यात लेखाविभागात काम करतो. माझ्यासारख्याला ठरलेला पदार्थ हा दिवसाचा आधार असतो: त्याचा वास, आवाज, जिभेला लागणारा स्पर्श आधीच ठाऊक असतो. तो एकाएकी काढून घेतला, तर बरेचदा माणूस दुसरे काही खाऊ लागत नाही, उपाशी राहतो किंवा मनाचा ताबा सुटून कोसळतो. शिवाय भूक लागली आहे की पोट भरले आहे, हे आमच्यापैकी अनेकांना आतून नीट कळत नाही. मी भुकेवर भरवसा न ठेवता घड्याळ पाहून जेवतो आणि ताटात किती वाढायचे हे आधीच ठरवून ठेवतो.

ताई, खारी राहू द्या. फक्त डब्याऐवजी मोजक्या खाऱ्या वाटीत काढून ठरलेल्या वेळी द्या. वरणात मूगडाळ वाढवा, पण पातळपणा आणि रंग तोच ठेवा. नवा पदार्थ ताटात न वाढता शेजारी वेगळ्या वाटीत ठेवा आणि तो खाल्ला नाही तरी काही बोलू नका. चालण्याचेही तसेच. मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे जातो, कारण नंतर गप्पांचा आणि गाड्यांचा आवाज सहन होत नाही. वाट तीच, फेऱ्या तेवढ्याच, कानावर हेडफोन. आम्हाला ‘फिरून ये’ म्हणण्यापेक्षा कुठून कुठपर्यंत चालायचे ते सांगितलेले बरे.

नाशिकरोडची आई
सातपूरच्या दादांचे म्हणणे मला पटते. माझी मुलगी 25 वर्षांची आहे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळला, की ती किंचाळून उठायची, म्हणून आम्ही घरीच यंत्र आणले; आधी पट्टा नुसता मांडीवर, मग दंडावर सैल, मग बटण, असे शिकवत गेलो. रक्त देण्याआधी दंडावर बधिर करणारे मलम लावून घेतो आणि सकाळची पहिली वेळ मागतो.

खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना पाहा. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, वयाची अट नाही आणि आधीच्या आजारांमुळे नकारही देत नाहीत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मात्र लागते.

इंदिरानगरची ताई
सर्वांचे आभार. काल रात्री घोरण्याचा व्हिडिओ काढला. मध्येच आवाज थांबतो आणि मग तो दचकल्यासारखा श्वास घेतो. झोपेच्या तपासणीसाठी दवाखान्यात रात्रभर तो राहणार नाही. काय करावे?

पंचवटीतील फिजिशियन
व्हिडिओ घेऊन आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी घरीही करता येते: छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. यंत्र येण्यापूर्वी आठवडाभर, वर नाशिकरोडच्या ताईंनी सांगितले तसे, पट्टा आणि चिमटा अंगाला लावून झोपायची सवय करून घ्या. तोवर त्याला कुशीवर झोपवत जा.